अटारी २६०० चे जुने लाडके गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गेमबद्दल बोलायला बसलं की तेच तेच प्रश्न येतात, त्यामुळे सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

नेमका कुठला काळ म्हणताय?

मुख्यतः अटारी २६०० चा. हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, १९७७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याचं नाव व्हीसीएस होतं, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम. २६०० हे नाव १९८२ मध्ये पडलं, कंपनीने ५२०० नावाचा पुढचा कन्सोल काढला तेव्हा. पण लोकांच्या तोंडी नुसतं अटारीच. उत्पादन थांबलं थेट १९९२ च्या सुरुवातीला, आणि तोपर्यंत साधारण ३ कोटी कन्सोल विकले गेले असं धरतात. लाकडाच्या रंगाची पट्टी असलेला तो काळा डबा, वर सहा स्विच, एका बटणाची जॉयस्टिक, हे चित्र डोळ्यासमोर आलं तर आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

हाच पहिला घरगुती कन्सोल होता ना?

नाही. १९७२ चा मॅग्नावॉक्स ओडिसी त्याच्या आधीचा, राल्फ बेअर यांच्या डोक्यातून आलेला. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते, टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटवायचा आणि त्याच्यावर पांढरे ठिपके हलवायचे. मग १९७६ मध्ये फेअरचाइल्ड चॅनल एफ आला, जेरी लॉसन यांच्या टीमचा, आणि प्रोग्रॅम भरलेलं कार्ट्रिज बदलून नवीन गेम लावायचा ही सोय खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. अटारीने हे सगळं घराघरात पोचवलं. लॉसन यांचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जिथे जमेल तिथे मी ते घेतो.

ग्राफिक्स इतके चौकोनी चौकोनी का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की सगळे गेम वेगळे दिसायला लागतात.

त्या मशीनमध्ये रॅम, म्हणजे चालू खेळाची माहिती धरून ठेवणारी मेमरी, किती होती माहितीये? १२८ बाइट. केबी नाही, बाइट. हे आत्ता वाचताय तो परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. आणि त्यात स्कोअर, लाइफ, शत्रू कुठे आहेत, तुम्ही कुठे आहात, सगळं बसवायचं. पडद्यावरचं पूर्ण चित्र साठवायला तर जागाच नव्हती, मग करायचे काय, तर जुन्या टीव्हीत तो किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली एकेक ओळ काढत जातो ना, त्याच्यासोबत प्रोग्रॅमने पळायचं, ही ओळ आली की यात काय दाखवायचं ते सांगा, पुढची आली की पुन्हा सांगा. एका ओळीला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके मिळायचे. त्यात काम झालं नाही तर चित्र फिस्कटलं.

चित्र काढणारी चिप होती टीआयए, जे मायनर यांनी डिझाइन केलेली. ती एका वेळी देणार काय, तर दोन खेळाडूंच्या आकृत्या, दोन गोळ्या, एक बॉल आणि मागे जाड ठोकळ्यांची पार्श्वभूमी. बास. कारण मशीन बनवलंच होतं पाँग (दोन फळ्यांनी बॉल मारायचा खेळ) आणि रणगाड्यांच्या लढाईसारख्या खेळांसाठी. त्याच्यावर जंगल, नदी, मगरी, परग्रहावरचे जीव जे काही आपण पाहिलं ते सगळं कुणीतरी एकट्याने बसून डोकं लढवून त्या मोजक्या गोष्टींतून काढलेलं आहे. एक गेम म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस, डिझाइन त्याचं, कोड त्याचा, चित्रं आणि आवाजही त्याचेच.

मी कधीच खेळलो नाहीये, सुरुवात कुठल्या गेमने करू?

रिव्हर रेड. डोळे झाकून रिव्हर रेड.

वरून दिसणारी नदी, तुमचं विमान, समोरून जहाजं, हेलिकॉप्टर, जेट. जॉयस्टिक पुढे केली की वेग वाढतो, मागे ओढली की कमी होतो. पेट्रोल सतत संपत असतं आणि ते भरायला फ्युएलच्या टाकीवरून उडत जायचं, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण त्याच टाकीवर गोळी मारली तर ८० पॉइंट मिळतात. म्हणजे दर वेळी ठरवायचं, पॉइंट हवेत की पेट्रोल, आणि तेही समोरून जेट येत असताना. हळू गेलात तर टाकीवर जास्त वेळ मिळतो, जास्त पेट्रोल भरतं. पूल उडवला की ५०० पॉइंट, आणि मेलात तर शेवटच्या उडवलेल्या पुलापासून पुन्हा सुरू.

हा गेम कॅरल शॉ यांनी १९८२ मध्ये ॲक्टिव्हिजनसाठी केला. त्या काळी गेम डिझाइन करणाऱ्या बायका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. नदी एवढी लांब कशी बसवली असा प्रश्न पडतो, कारण कार्ट्रिज ४ केबीचं आहे, तर नदी साठवलेलीच नाहीये. गणिताच्या एका सूत्राने ती खेळता खेळता तयार होते, पण दर वेळी त्याच आकड्यापासून सुरू होत असल्याने नदी प्रत्येक वेळी तीच येते, म्हणून तुम्ही वळणं पाठ करू शकता. आज ज्याला प्रोसिजरल म्हणून मिरवतात ते हेच. दहा लाखांपर्यंत पोचलात तर स्कोअरच्या जागी उद्गारचिन्हं येतात आणि गेम संपतो.

पिटफॉल पूर्ण करता येतो का? शेवट आहे का त्याला?

आहे. २० मिनिटं, ३ लाइफ, ३२ खजिने. सगळे गोळा केले आणि एकही पॉइंट गमावला नाही तर स्कोअर होतो १,१४,०००, त्याच्या वर काही नाही.

डेव्हिड क्रेन यांचा १९८२ चा गेम. धावणारा माणूस, वेलीला लटकून तळं ओलांडायचं, मगरींच्या डोक्यावरून उड्या मारत जायचं (तोंड बंद असताना बरं का, उघडं असेल तरी डोक्याच्या मागच्या भागावर उभं राहिलं तर वाचता). एकूण २५५ स्क्रीन, आणि तेही रिव्हर रेडसारखेच सूत्रातून निघालेले, साठवलेले नाहीत.

आता ज्यांना पूर्ण करायचाय त्यांच्यासाठी. बहुतेक लोक सवयीने उजवीकडे पळतात, तसं करू नका, डावीकडे पळा. ओंडके डावीकडे गडगडत जातात, म्हणजे तुम्ही त्यांच्याच दिशेने जाता आणि अंगावर येण्याचा त्रास बराच कमी होतो. दुसरं म्हणजे खालचा बोगदा. खाली एक स्क्रीन ओलांडली की वर तीन स्क्रीन पुढे निघता. नुसतं वरून पळून २० मिनिटांत सगळे खजिने होत नाहीत, बोगदे वापरावेच लागतात, पण कुठला बोगदा पुढे विटांच्या भिंतीने बंद आहे ते माहीत हवं. म्हणून कागदावर नकाशा काढा. खरंच काढा, तयार नकाशा बघून खेळू नका, अर्धी मजा त्या नकाशातच आहे.

ते स्कोअरचा फोटो पाठवायचं काय प्रकरण होतं?

ॲक्टिव्हिजनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असायचं की अमुक स्कोअर झाला तर टीव्हीचा फोटो काढून पोस्टाने पाठवा, आम्ही कापडी बिल्ला पाठवू. पिटफॉलला २०,००० लागायचे. फोटो म्हणजे रोलचा कॅमेरा, टीव्हीच्या काचेवर फ्लॅश पडला की सगळं पांढरं, आणि नीट आलाय की नाही ते रोल धुवून आल्यावरच कळणार. ते बिल्ले आज संग्राहक लोक जपून ठेवतात.

ॲक्टिव्हिजनचं नाव सारखं येतंय, ते अटारीचेच होते का?

अटारीतून बाहेर पडलेले. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघा प्रोग्रॅमरनी जिम लेव्ही यांच्यासोबत १९७९ मध्ये ही कंपनी काढली. कारण साधं होतं, गेम यांनी करायचे, खप मोठा, आणि बॉक्सवर नाव मात्र कुणाचंच नाही. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम करणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. त्यांनी मॅन्युअलमध्ये डिझायनरचं नाव छापलं, वर त्याच्याकडून खेळण्याच्या टिप्स पण दिल्या. माझ्या मते गेमच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, कारण तेव्हापासून खेळणाऱ्याला कळायला लागलं की हे कुणीतरी माणसाने बनवलंय.

ॲडव्हेंचरमधली सिक्रेट रूम खरी आहे का? कशी सापडते?

शंभर टक्के खरी, आणि ती याच रागातून आलेली. वॉरेन रॉबिनेट यांनी हा गेम अटारीत असताना केला, १९८० मध्ये बाजारात आला. नाव लावायला मिळत नाही म्हणून त्यांनी गेमच्या आत एक खोली लपवली आणि तिथे उभ्या अक्षरांत स्वतःचं नाव टाकलं. कुणाला सांगितलं नाही. नोकरी सोडून गेले आणि मग खेळणाऱ्यांनीच ती शोधून काढली. कंपनीत तोवर कुणाला पत्ता नव्हता. गेममध्ये लपवलेल्या अशा गोष्टींना ईस्टर एग म्हणायची पद्धत याच खोलीपासून पडली.

शोधायची कशी: काळ्या किल्ल्याच्या आतल्या भुलभुलैयात पूल (गेममध्ये तो उचलून नेता येतो) घेऊन जा, एरवी जिथे पोचता येत नाही अशा बंद जागेत पुलावरून शिरा. तिथे एक ठिपका आहे, जमिनीच्याच राखाडी रंगाचा, त्यामुळे दिसत नाही, अंगाला चिकटल्याचा आवाज आला की समजायचं मिळाला. तो घेऊन पिवळ्या किल्ल्याच्या खालच्या भागात, उजव्या बाजूला एक बारीक उभी रेघ असलेली खोली आहे तिथे या, आणि त्याच खोलीत आणखी दोन वस्तू आणून ठेवा. भिंत लुकलुकायला लागते आणि त्यातून आरपार जाता येतं.

लुकलुकते का, तर वर सांगितलं ना, मशीन एका वेळी दोनच आकृत्या देतं. जास्त झाल्या की आळीपाळीने दाखवायच्या. ती भिंतसुद्धा एक वस्तूच आहे, तिची पाळी नसते त्या क्षणी ती तिथे नसते. मशीनच्या दुबळेपणाचाच दरवाजा केला त्यांनी. मला अजूनही हे कमाल वाटतं.

बाकी गेमसुद्धा सुंदर आहे. तुम्ही म्हणजे एक चौकोन. तीन ड्रॅगन, यॉर्गल, ग्रंडल आणि ऱ्हिंडल, त्यातला लाल ऱ्हिंडल सगळ्यात वेगवान. आणि ते वटवाघूळ, जे तुमच्या हातातली तलवार घेऊन जातं आणि बदल्यात जिवंत ड्रॅगन सोडून जातं. तिसऱ्या लेव्हलला वस्तू दर वेळी वेगळ्या ठिकाणी असतात, तीच खेळा.

कॉम्बॅट एकट्याने खेळता येतो?

नाही, दोघं लागतात. कन्सोलसोबतच मिळायचा, २७ प्रकार होते, रणगाडे, जुनी विमानं, जेट. भिंतीला आपटून परत येणाऱ्या गोळ्यांचा टँक पाँग सगळ्यात भारी.

स्पेस इनव्हेडर्स एवढा का गाजला?

कारण आर्केडमध्ये, म्हणजे गेमच्या मशीनच्या दुकानात, नाणी टाकून जे खेळायचं तेच घरी मिळालं. १९८० मध्ये आला, आर्केडच्या गेमचं लायसन्स घेऊन घरच्या कन्सोलवर आणलेला हा पहिला मोठा गेम, आणि फक्त याच्यासाठी लोकांनी कन्सोल विकत घेतले. रिक मॉरर यांनी केला, ११२ प्रकार टाकले, हलणारे बंकर, अदृश्य शत्रू, दोघं मिळून एकच तोफ चालवायची. एक जुनी युक्ती: रीसेट दाबून धरा आणि मग पॉवर चालू करा, एकाच वेळी दोन गोळ्या मारता येतात.

पॅकमॅन इतका वाईट का होता?

वाईट म्हणण्यापेक्षा अपुरा. १९८२ मध्ये टॉड फ्राय यांनी ४ केबीत बसवला. भुतं चार, त्यामुळे आळीपाळीने दाखवली आणि ती सारखी लुकलुकत राहिली. रंग वेगळे, चक्रव्यूह वेगळा, आवाज वेगळा, आर्केडवर खेळून आलेल्या लोकांचा विरस झाला, तरी खप प्रचंड झाला. पुढच्याच वर्षी मिस पॅकमॅन ८ केबीत आला आणि तो खरंच छान आहे. पॅकमॅनची आठवण असेल पण आज खेळायचाय तर मिस पॅकमॅनच लावा.

ई.टी. ची कार्ट्रिजं खरंच जमिनीत पुरली होती?

हो. न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत, १९८३ च्या सप्टेंबरमध्ये. बरीच वर्षं लोक ही अफवा समजायचे, २०१४ च्या एप्रिलमध्ये उकरलं तेव्हा बाहेर आली. फक्त ई.टी. नव्हता, इतरही बरेच गेम होते.

पण या एका गेममुळे सगळी इंडस्ट्री बुडाली हे मला मुळीच पटत नाही. १९८३ ची पडझड झाली कारण कुणीही उठून गेम काढत होतं, दुकानांत माल पडून होता, घरगुती कॉम्प्युटर स्वस्त होत होते. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना ई.टी. करायला साधारण पाच आठवडे मिळाले, जिथे इतर गेमना कित्येक महिने लागायचे. खड्ड्यात पडायचा त्रास आहे हे मान्य, पण मॅन्युअल वाचून खेळलात तर गेम समजतो आणि संपवताही येतो.

आणि याच माणसाने त्याआधी यार्स रिव्हेंज केलाय. तो खेळा आणि मग त्यांच्याबद्दल मत बनवा. माशीसारखा यार, समोर ढालीमागे शत्रू, ढाल कुरतडायची, मग झॉर्लन तोफ बोलवायची आणि स्वतः तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, नाहीतर आपल्याच गोळ्याने आपण मरतो. मधला तो चमचमणारा रंगीत पट्टा आठवतो? तो म्हणजे गेमचा स्वतःचाच कोड आहे, पडद्यावर रंग म्हणून दाखवलेला. चित्रासाठी वेगळी जागा नव्हती तर जे आहे तेच वापरलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये हा गेम आपल्या संग्रहात घेतलाय.

पॅडल घ्यावेत का? जॉयस्टिकवर भागत नाही?

कबूमसाठी तरी घ्याच. लॅरी कॅप्लन यांचा १९८१ चा गेम, वरून बाँब पडतात, खाली तीन बादल्या, झेलत राहायचं, बस एवढंच. पण पॅडलची ती गोल चकती हातात फिरते तेव्हा बादली जितक्या झटकन सरकते तसं जॉयस्टिकने कधीच होणार नाही. चार जण असतील तर वॉरलॉर्ड्स, कार्ला मेनिन्स्की यांचा, चौघं चार कोपऱ्यात आपापला किल्ला सांभाळत, आरडाओरडा नक्की.

जुना पॅडल थरथरत असेल, म्हणजे बादली आपोआप हलत असेल, तर आतल्या पोटेन्शियोमीटरवर घाण बसलीये. उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चकती बऱ्याचदा इकडून तिकडे फिरवा. बहुतेक वेळा सुधारतो.

डिफिकल्टीचे ए आणि बी स्विच कशाला?

प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा अवघडपणा. ए अवघड, बी सोपा. मोठा माणूस आणि लहान मूल एकत्र खेळत असतील तर मोठ्याने ए वर ठेवायचं. ॲडव्हेंचरमध्ये मात्र डावा स्विच ड्रॅगन किती पटकन चावतो ते ठरवतो आणि उजवा ए वर ठेवला तर ड्रॅगन तलवार बघून पळतात. मॅन्युअल वाचल्याशिवाय हे कळत नाही.

जुनं कार्ट्रिज लावलं की स्क्रीनवर कचरा दिसतो, गेलं का?

बहुधा नाही. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने कार्ट्रिजच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्या पट्ट्या पुसा, वाळू द्या, पॉवर बंद करून मग लावा. कन्सोलच्या खाचेतही धूळ असते, ती विसरू नका.

आज कसे खेळायचे?

कॉम्प्युटरवर स्टेला नावाचा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, फुकट आहे आणि उत्तम आहे, पॅडलच्या जागी माऊस चालतो. मूळ कार्ट्रिजं असतील तर अटारीनेच २०२३ मध्ये २६००+ काढलाय, एचडीएमआय लागतं, जुनी कार्ट्रिजं बसतात. काहीच जमवायचं नसेल तर २०२२ चा अटारी ५० हा संग्रह घ्या, त्यात प्रोग्रॅमरच्या मुलाखती पण आहेत.

मूळ कन्सोल असेल आणि कुठेतरी जुना जाड टीव्ही मिळत असेल तर सोडू नका. नव्या टीव्हीवर चित्र यायला थोडा उशीर होतो, रिव्हर रेडला चालून जातं, कबूमला अजिबात नाही.

आताच्या मुलांना आवडतील का?

दोघांचे गेम लावा, आवडतात. सूचना देत बसू नका, जॉयस्टिक हातात द्या. फ्रीवे लावा, कोंबडी रस्ता ओलांडते, वर आणि खाली एवढंच करायचंय, दोन मिनिटांची मॅच, कुणालाही लगेच येतो. एन्ड्युरो जरा मोठ्या मुलांना, पहिल्या दिवशी २०० गाड्या मागे टाकायच्या, पुढच्या दिवसांत ३००, आणि मध्ये बर्फ, धुकं, रात्र, जिथे फक्त मागचे लाल दिवे दिसतात. पॅकमॅन, ई.टी. आधी दाखवू नका.

यासाठी अजून नवीन गेम येतात का?

येतात, आणि दरवर्षी येतात. हौशी लोक घरी बसून करतात, आता तर साधने पण चांगली आहेत. २०१० मध्ये एड फ्राइज यांनी हेलो २६०० काढला, हे गृहस्थ पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे प्रमुख, एक्सबॉक्सच्या सुरुवातीच्या काळात तिथे होते, आणि ४ केबीत, १२८ बाइट रॅममध्ये गेम बसवायला बसले. स्वतः करून बघायचं असेल तर असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना द्यायची भाषा, शिकावी लागेल, आणि बेसिकसारखी बॅटारी बेसिक नावाची सोपी भाषा पण आहे, तिच्यात पहिला चौकोन पडद्यावर हलवायला एखादी संध्याकाळ पुरते.